‘रेज अगेन्स्ट द मशीन’चा पहिला अल्बम: ऐकणाऱ्यांची भांडणं आणि त्यात कुणाचं कुठे बरोबर आहे

नोव्हेंबर 1992 मध्ये एपिक या कंपनीने लॉस अँजेलिसच्या एका नव्या बँडचा पहिला अल्बम काढला. बँडचं आणि अल्बमचं नाव एकच, ‘रेज अगेन्स्ट द मशीन’. दहा गाणी, सगळी मिळून 53 मिनिटांच्या आतबाहेर. तेव्हापासून त्याच्याबद्दल दोन मतं कायम ऐकू येतात. रॅप मेटलमध्ये, म्हणजे रॅप आणि जड गिटारचं रॉक एकत्र करणाऱ्या प्रकारात, याच्या पुढे कुणी गेलंच नाही, हे एक. पहिली दोन गाणी झाली की पुढे सगळं तेच ते, एकच माणूस 50 मिनिटं ओरडतोय, हे दुसरं.

दुसरं मत झटकून टाकण्यासारखं नाही. अनेक चांगले कान असलेले लोक ते मांडतात, आणि तसं का वाटतं याची कारणं दाखवता येतात. माझं म्हणणं एवढंच, की हा अल्बम गिटारचा समजून ऐकला तर तो एकसुरी वाटणारच. तो खालून ऐकायचा, म्हणजे आधी बेस गिटार, मग ड्रम्स, मग गिटार, आणि शेवटी शब्द. या क्रमाने ऐकलं की दहाही गाणी आपापल्या चालीने वेगळी होतात.

पहिली अडचण अगदी साधी आहे: बहुतेक लोक हे फोनच्या स्पीकरवर ऐकतात. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की 82 हर्ट्झच्या आसपासचा स्वर निघतो. याच अल्बममध्ये काही गाण्यांत ती तार एक पूर्ण स्वर खाली, डी वर उतरवलेली आहे, म्हणजे 73 हर्ट्झ. बेस त्याच्याही एक सप्तक खाली, 37 ते 41 हर्ट्झमध्ये. फोनचा स्पीकर 200 हर्ट्झच्या खाली जवळपास हात टेकतो. मग कानावर पडतं ते काय, तर गिटारची वरची खरखर, स्नेअर ड्रमचा फटका आणि गळा. गाण्याला चालवणारा पाया गेला की उरतो तो नुसता आरडाओरडा. अशा माणसाने ‘सगळं सारखंच’ म्हटलं तर त्याला दोष कसा द्यायचा?

त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. कानात नीट बसणारे तारेचे साधे इअरफोन चालतात, पण रबरी टिप योग्य मापाची हवी. टिप सैल असली की सगळ्यात आधी खालचा आवाज निसटतो, आणि लोक इअरफोनला नावं ठेवतात. ‘बेस बूस्ट’, ‘रॉक’ वगैरे तयार इक्वलायझर बंद करायचे. या रेकॉर्डिंगमध्ये बेस आणि पायाने वाजणारा किक ड्रम यांना आपापली जागा नेमून दिलेली आहे. बूस्ट लावला की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि बेसच्या बोटांचा आवाज गडप होतो. स्पीकर असतील तर ते भिंतीपासून हातभर पुढे ओढा. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर खालचे स्वर फुगवतो, आणि मग ‘वेक अप’ या गाण्याचा रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा, घुमल्यासारखा येतो.

चाचणीसाठी ‘टेक द पॉवर बॅक’ घ्या. सुरुवातीलाच टिम कॉमरफर्डचा स्लॅप बेस आहे: अंगठ्याने तारेवर मारलेला ठोका आणि बोटाने ओढून सोडलेल्या तारेचा टणत्कार. हे दोन आवाज वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. एकच ‘धप धप’ येत असेल तर तुमची यंत्रणा किंवा सेटिंग आड येतंय. दुसरी चाचणी ‘फ्रीडम’: ब्रॅड विल्कची काउबेल बाकी वाद्यांच्या गर्दीतून निराळी, कोरडी वाजली पाहिजे. हा अल्बम आजही अनेक जण स्पीकर तपासायला वापरतात, त्याचं कारण हेच. वाद्यं थोडी, प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि मध्ये मोकळी हवा.

ही हवा आपोआप आलेली नाही. बरंचसं रेकॉर्डिंग कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाईज इथल्या साउंड सिटी स्टुडिओत झालं. तिथल्या नीव्ह कन्सोलचं (सगळे आवाज जिथे जुळवतात त्या टेबलाचं) आणि ड्रम्सच्या खोलीचं नाव रॉक ऐकणाऱ्यांना ठाऊक असतं. निर्व्हानाचा ‘नेव्हरमाइंड’ आदल्याच वर्षी तिथे रेकॉर्ड झाला होता. निर्माता गार्थ रिचर्डसन आणि बँड स्वतः. मिक्सिंग, म्हणजे सगळ्या वाद्यांचा तोल जुळवणं, अँडी वॉलेसचं; मास्टरिंग, म्हणजे त्यावरचा शेवटचा हात, बॉब लुडविगचा. वॉलेस या नावापाशी जरा थांबतो. 1986 मध्ये रन-डीएमसी आणि एरोस्मिथ यांचं ‘वॉक धिस वे’ आलं, रॅप आणि रॉक एकत्र घराघरात पोचवणारं पहिलं मोठं गाणं. त्याच्या मिक्सवरही याच माणसाचे हात होते. त्याच वर्षीच्या स्लेअरच्या ‘रेन इन ब्लड’चा ध्वनिमुद्रकही तोच. रॅपमध्ये किक आणि स्नेअर किती पुढे हवेत आणि मेटलमध्ये गिटार कितपत जाड हवी, हे दोन्ही ज्याने आधी करून पाहिलंय असा माणूस इथे बसला होता. हा अल्बम 30 वर्षांनंतरही जुनाट वाटत नाही, यात त्याचा वाटा मोठा आहे, आणि श्रेय देताना लोक त्यालाच विसरतात.

‘बुलेट इन द हेड’ मात्र त्या सगळ्याच्या आधीचं. 1991 मध्ये बँडने स्वतः काढलेल्या 12 गाण्यांच्या कॅसेटवरचंच रेकॉर्डिंग अल्बममध्ये घेतलंय. लक्ष देऊन ऐकलं तर या गाण्याचा पोत शेजारच्या गाण्यांपेक्षा किंचित वेगळा जाणवतो. काही जणांना तो कच्चा वाटतो. मला वाटतं, शेवटाकडे गाणं ज्या तऱ्हेने सुटतं ते स्टुडिओत पुन्हा जमलं नसतं, आणि बँडने ते तसंच ठेवलं हे योग्य केलं.

आता टॉम मोरेलोची गिटार. सगळ्यात कडाक्याचं भांडण इथे आहे. एक पक्ष म्हणतो, हे संगीत नाही, आवाज काढणं आहे. सोलोमध्ये चाल कुठे आहे? दुसरा पक्ष त्याला जादूगार ठरवतो. अल्बमच्या आतल्या पानावर बँडने छापलंय, की हे बनवताना सॅम्पल, कीबोर्ड किंवा सिंथेसायझर वापरलेले नाहीत. ही ओळ बढाई म्हणून वाचू नका, ऐकण्याची किल्ली म्हणून वाचा. हिप-हॉपमध्ये डीजे तबकडी मागेपुढे घासून जे करतो, ते काम इथे गिटारकडे दिलंय. त्यामुळे मोरेलोच्या सोलोला ‘कुठला स्वर’ हा प्रश्न गौण आहे, ‘ठोका कुठे पडला’ हा खरा. या बाबतीत मी जादूगारवाल्यांच्या बाजूचा आहे, फक्त जादू शब्द नको. सगळं हाताने करता येण्यासारखं आहे.

साहित्यही फार नाही. मार्शल जेसीएम 800 मालिकेतला 2205 हा 50 वॉटचा हेड (स्पीकरशिवायचा अँप), पीव्हीचं चार स्पीकरचं कॅबिनेट, एक व्हॅमी पेडल, एक वा-वा (पायाने आवाजाचा रंग बदलणारं), एक डिले (आवाज जरा वेळाने पुन्हा ऐकवणारं). आणि गिटारवरचा टॉगल स्विच.

‘नो युअर एनिमी’च्या सुरुवातीला जो थरथरता, तुटक आवाज येतो, तो त्या स्विचचा आहे. कृती अशी: दोन पिकअपची (तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकांची) आणि दोन स्वतंत्र व्हॉल्यूमची गिटार घ्या. मानेकडच्या पिकअपचा व्हॉल्यूम शून्य, ब्रिजकडच्याचा पूर्ण. डाव्या हाताने स्वर धरायचा आणि उजव्या हाताने स्विच पुढेमागे करायचा. ब्रिजकडे आला की आवाज चालू, दुसरीकडे गेला की बंद. लेस पॉल या गिटारच्या नेहमीच्या वायरिंगमध्ये स्विच मधल्या जागी असतानाही आवाज बंदच राहतो, कारण शून्यावर ठेवलेला व्हॉल्यूम दोन्ही पिकअपचा सिग्नल ग्राउंडला, म्हणजे शून्याला, जोडतो. म्हणजे स्विच या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची गरज नाही, अर्ध्या हालचालीत काम भागतं आणि वेग वाढतो. इथे फसतात ते स्ट्रॅट किंवा टेलिकास्टरवाले. त्यांच्या गिटारला एकच व्हॉल्यूम असतो, स्विचच्या कुठल्याही जागी पूर्ण शांतता मिळत नाही. त्यांनी दाबलं की जोडणारं एक छोटं पुश बटण आउटपुट जॅकच्या गरम टोकात आणि ग्राउंडमध्ये जोडून घ्यावं. दाबलं की सिग्नल ग्राउंडला जातो आणि आवाज थांबतो. काम सोल्डरिंगचं, अर्ध्या तासाचं. बटण दाबल्यावर ‘टक’ असा आवाज आला तर बटण स्वस्तातलं आहे किंवा ग्राउंडची जोडणी सैल आहे. आणि खूप खडखडवलेला टॉगल स्विच काही काळाने करकरायला लागतो; कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाहावा, नाहीतर बदलावा.

व्हॅमीचं तंत्र वेगळं. हे पेडल स्वर उचलून वर किंवा खाली नेतं, आणि पाय जिथे असेल तिथे तो स्वर. ‘किलिंग इन द नेम’च्या सोलोमध्ये पाय टाच-चवडा असा ठेक्यात हलतो आणि स्वर सप्तक बदलत उड्या मारतो. शिकणाऱ्यांच्या तीन चुका ठरलेल्या. पहिली, पेडल डिस्टॉर्शननंतर, म्हणजे आवाज फाडणाऱ्या टप्प्यानंतर लावणं. व्हॅमीला स्वच्छ सिग्नल मिळाला तर स्वर ओळखता येतो. फाटलेल्या सिग्नलवर ते गोंधळतं आणि किरकिर करतं. म्हणून गिटारनंतर लगेच व्हॅमी, मग पुढचं सगळं. दुसरी चूक, दोन तारा एकदम वाजवणं. जुन्या पद्धतीचं व्हॅमी एका वेळी एकच स्वर नीट धरतं. पाचव्या पिढीच्या पेडलवर ‘कॉर्ड’ आणि ‘क्लासिक’ असे दोन प्रकार आहेत. या अल्बमचा ओबडधोबडपणा हवा असेल तर ‘क्लासिक’. तिसरी चूक अडॉप्टरची. चौथ्या पिढीच्या पेडलला 9 व्होल्ट एसी लागतो, पाचव्याला 9 व्होल्ट डीसी. जुना माल विकत घेताना खालची पाटी वाचा, नाहीतर पेडल चालतच नाही, आणि खराब निघालं म्हणून उगाच भांडण होतं.

‘किलिंग इन द नेम’ एवढं वाजवलं जातं की त्याच्यावर बोलायला नको असं वाटू शकतं, पण वाजवणारे आणि ऐकणारे दोघेही यात जे चुकवतात ते सांगायला हवं. हा रिफ मोरेलोला गिटार शिकवताना सुचला. विद्यार्थ्याला ड्रॉप डी ट्यूनिंग दाखवत असताना. ट्यूनिंग सोपं आहे: सहावी तार सैल करत चौथ्या मोकळ्या तारेशी एक सप्तक खाली जुळवायची, दोन्ही एकदम वाजवून लाटा थांबेपर्यंत. मग जाड तीन तारा एका बोटाने दाबल्या की पॉवर कॉर्ड, म्हणजे दोनच स्वरांचा दणकट मेळ. पण 9-42 च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) पातळ तारांवर ती सहावी तार लोंबते, जोरात वाजवली की क्षणभर स्वर चढतो आणि मग खाली येतो, आणि सगळं बेसूर वाटतं. 10-46 किंवा 10-52 चा संच लावा. आणि तरंगत्या ब्रिजच्या, म्हणजे फ्लॉइड रोजसारख्या गिटारवर हे करायला जाऊ नका: एका तारेचा ताण कमी झाला की ब्रिज मागे बसतो आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. मोरेलोने ड्रॉप डीच्या गाण्यांसाठी स्थिर ब्रिजची टेलिकास्टर वापरली ती याचसाठी.

अँपवरची आवाज फाडणारी कळ, गेन, दहावर नेणं ही पुढची चूक. या रिफमध्ये स्वरांइतकीच त्यांच्यामधली शांतता वाजते. गेन जास्त झाला की अँप आवाज दाबून सपाट करतो, तारांची कुजबुजही वर येते आणि रिकाम्या जागा भरून जातात. गेन निम्म्याच्या जरा वर पुरे. उजव्या तळहाताची कड तारांवर, डाव्या हाताची बोटं दाब सोडून तारेला टेकलेली, दोन्हीकडून आवाज बंद. नॉइज गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारं यंत्र) लावूनही शांतता मिळते, पण तो स्वराची शेपटी कापतो आणि रिफ चिरल्यासारखा येतो.

आणि गाण्याचा शेवट. एकच ओळ 16 वेळा येते, ‘तुम्ही सांगाल ते मी करणार नाही’ या अर्थाची, शिवीसकट. पहिल्यांदा ती जवळजवळ पुटपुटल्यासारखी. मग गळा चढत जातो, ड्रम्स भरत जातात, आणि पुढे तोच शब्द किंकाळी होतो. गावोगावचे बँड हे गाणं बसवतात आणि तिसऱ्या फेरीतच पूर्ण जोर लावतात. मग उरलेल्या तेरा फेऱ्यांना जायला जागाच नसते. दुसरं म्हणजे ड्रमर आवाज वाढवताना लयही वाढवतो. तालमीत मेट्रोनोम लावून हा एवढाच भाग घोटावा: पहिल्या चार फेऱ्या दहातल्या तीनच्या जोराने, लय तसूभरही न हलवता. तणाव येतो तो लय जागची हलत नाही म्हणून.

‘हे गाणं आहे का?’ हा प्रश्न बँडचा गायक झॅक दे ला रोचाच्या बाबतीत अजून विचारला जातो. मराठी कानाला उत्तर अवघड जाऊ नये. शाहीर पोवाड्यात चाल सोडून शब्द ठोक्यावर फेकायला लागतो, डफ मागे थांबतो आणि पुन्हा ‘जी जी’वर सगळे एकत्र येतात, तेव्हा आपण चाल शोधत बसत नाही. इथेही तसंच: कडव्यात बेस आणि ड्रम्स कमीत कमी वाजवून शब्दांना वाट देतात, आणि रिफला सगळे एकदम पडतात.

हिप-हॉप ऐकणाऱ्यांची तक्रार मात्र निराळी आणि वजनदार आहे. त्यांच्या मते रोचा रॅपर म्हणून साधा आहे. यमक ओळीच्या शेवटी, शब्द ठोक्याच्या बरोबर वर, आडवळणं नाहीत. 1992 पर्यंत न्यूयॉर्कचे रॅपर ओळीच्या पोटात यमकं विणून ठोक्याच्या मागेपुढे खेळत होते, त्यांच्याशेजारी ठेवलं तर हे खरंच आहे. पण तो ‘इनसाइड आउट’ या हार्डकोर पंक बँडमधून आला होता आणि त्याचा श्वास त्या जातीचा आहे: छोटी ओळ, पूर्ण दम, तोडून टाकलेला शेवट. मागे जिवंत ड्रम्स आणि 50 वॉटचा मार्शल चालू असताना गुंतागुंतीचं रॅप ऐकूच आलं नसतं. साधेपणा इथे कामाला आलाय. कमी पडतो तो ‘फिस्टफुल ऑफ स्टील’मध्ये, जिथे शब्द स्वतःच्याच जोराबद्दल जास्त बोलतात आणि विषयाला कमी भिडतात.

शब्द सोडून नुसते रिफ ऐकणारा वर्ग मोठा आहे. 2012 मध्ये अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार पॉल रायन यांच्या आवडत्या बँडमध्ये हे नाव निघालं, तेव्हा मोरेलोने जाहीर लेख लिहून सांगितलं, की आम्ही ज्या यंत्राविरुद्ध गातो ते यंत्र म्हणजे हेच गृहस्थ. ज्याला जे आवडतं ते त्याने ऐकावं. पण या अल्बममध्ये शब्द सोडले तर गाण्यांची बांधणीही निसटते. ‘वेक अप’ घ्या. मधला भाग जिथे संगीत खाली जातं आणि रोचा जवळजवळ कुजबुजतो, तिथे एफबीआयच्या अंतर्गत टिपणातले शब्द आहेत. कृष्णवर्णीय चळवळीच्या नेत्यांवर पाळत ठेवून त्यांना संपवण्याच्या कारवायांचे. गाणं तिथे हळू होतं कारण तिथे कागद वाचला जातोय. शेवटी ‘किती काळ? फार काळ नाही’ या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या 1965 च्या मॉन्टगोमेरीतल्या भाषणातल्या शब्दांवर गाणं चढतं. बरेच लोक या गाण्यापर्यंत 1999 च्या ‘द मेट्रिक्स’ या सिनेमाच्या शेवटामुळे पोचले आणि त्यांना फक्त चढलेला भाग माहीत असतो. रिफ लेड झेपलिनच्या ‘कश्मीर’ची आठवण करून देतो हा आक्षेप जुना आहे, आणि मला तो मान्य आहे. पण सहा मिनिटांत त्याचं जे केलंय, ते दुसरंच काहीतरी आहे.

मुखपृष्ठाबद्दल एक शब्द. 11 जून 1963 रोजी सायगावच्या रस्त्यात भिक्खू थिक क्वांग डुक यांनी स्वतःला पेटवून घेतलं, दक्षिण व्हिएतनामच्या दीएम सरकारच्या बौद्धांवरच्या दडपशाहीच्या निषेधार्थ. मुखपृष्ठावर त्याचंच छायाचित्र आहे, माल्कम ब्राउन यांनी काढलेलं. हे छायाचित्र टी-शर्टवर छापून विकणं कितपत बरोबर, हा प्रश्न ऐकणाऱ्यांनी विचारलाय आणि तो विचारलाच पाहिजे. त्याला जोडून येणारा दुसरा प्रश्न: यंत्राविरुद्ध गाणारा बँड सोनीच्या मालकीच्या एपिककडे कसा? बँडचं उत्तर असायचं की लांबवर पोचायचं तर मोठी वाट लागते. मला हे उत्तर अर्धं पटतं. ‘फ्रीडम’चा व्हिडिओ लेनर्ड पेल्टियर या मूळनिवासी कार्यकर्त्याच्या खटल्यावर होता, आणि छोट्या कंपनीच्या कॅसेटवरून तो खटला इतक्या देशांतल्या पोरांना कळला नसता. पेल्टियर यांची जन्मठेप जानेवारी 2025 मध्ये घरच्या स्थानबद्धतेत बदलली गेली. दुसरीकडे 2009 च्या नाताळात ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेतल्या विजेत्याला हरवायला लोकांनी ठरवून ‘किलिंग इन द नेम’च्या 5 लाखांहून जास्त प्रती डाउनलोड केल्या आणि ते पहिल्या क्रमांकावर नेलं. हरलेलं गाणंही सोनीच्याच घरातलं होतं. त्या मोहिमेतून ‘शेल्टर’ या बेघरांसाठीच्या संस्थेला पैसे मिळाले, बँडने जून 2010 मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कात फुकट कार्यक्रम केला. म्हणजे पोकळ काही झालं नाही. पण यंत्राला धक्का लागला असंही म्हणवत नाही.

उत्तरार्ध कमी पडतो, हे मत बहुसंख्य ऐकणाऱ्यांचं आहे, आणि इथे मी अर्धाच त्यांच्यासोबत आहे. ‘फिस्टफुल ऑफ स्टील’ कमी पडतं, हे वर आलंच. ‘टाउनशिप रिबेलियन’वर मात्र अन्याय होतो. कडव्यातला तुटक, लंगडत चालणारा ठेका ऐका आणि त्यावर जोहान्सबर्ग आणि लॉस अँजेलिसचा साउथ सेंट्रल भाग एकाच ओळीत ठेवणारे शब्द. वर्णभेदाची राजवट तेव्हा अजून पुरती संपलेली नव्हती. या गाण्याचं दुर्दैव इतकंच की ते नवव्या क्रमांकावर आहे आणि तोवर कान थकलेले असतात. थकवा खरा आहे, कारण आवाजाची पातळी सारखी वरखाली होते. त्यावर उपाय म्हणजे अल्बम दोन बैठकांत ऐकणं, पाच-पाच गाणी. कॅसेटच्या काळात बाजू उलटायला उठावं लागायचं तेव्हा हे आपोआप घडायचं.

आणि ‘सेटल फॉर नथिंग’. टोळीत ओढल्या गेलेल्या मुलाचं हे गाणं बरेच जण पुढे ढकलतात, संथ आहे म्हणून. पण मोरेलोचा स्वच्छ, डिस्टॉर्शन काढलेला आवाज इथे ऐकायला मिळतो, आणि पहिल्या तीन गाण्यांचा मारा झाल्यावर ते चौथ्या जागी ठेवणं हा जाणता निर्णय आहे. ते वगळून ऐकलं की ‘बुलेट इन द हेड’चा दणका निम्मा होतो. ‘नो युअर एनिमी’च्या मधल्या भागातला गळा टूल बँडच्या मेनार्ड जेम्स कीनन यांचा, आणि जादाची तालवाद्यं जेन्स ॲडिक्शनच्या स्टीफन पर्किन्स यांची. टूलचा गिटारवादक ॲडम जोन्स आणि मोरेलो शाळेत एकाच बँडमध्ये होते, तिथून ही ओळख.

‘रॅप मेटल यांनी सुरू केलं’ हे वाक्य चुकीचं आहे. बीस्टी बॉइज, फेथ नो मोर, नेदरलँड्सचा अर्बन डान्स स्क्वॉड, 1991 मधलं अँथ्रॅक्स आणि पब्लिक एनिमी यांचं एकत्र गाणं, हे सगळं आधीचं. पुढच्या दशकात जे आलं त्याचा दोष मात्र लोक यांच्या माथी मारतात. आपल्यामुळे लिम्प बिझकिट हा बँड झाला याबद्दल खुद्द कॉमरफर्डने 2015 मध्ये माफी मागितली होती. मला ती मागायची गरज वाटत नाही. नंतरच्या बँडांनी रिफ आणि ओरडणं घेतलं. मोकळी जागा आणि विषय घेतला नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी: जुनी सीडी मिळाली तर ती घ्या. तिच्यात हळू आणि जोरदार यांतलं अंतर राखलेलं आहे. कुठलीही नंतरची आवृत्ती जुन्याशी ताडून पाहायची तर दोन्हींचा आवाज आधी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा, कारण जास्त मोठी वाजणारी प्रत कानाला नेहमीच चांगली वाटते आणि फसवते. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही उघडा. स्नेअरचे फटके टोकदार, वेगवेगळ्या उंचीचे दिसले तर ठीक. सगळा आलेख वरून कापलेल्या भिंतीसारखा दिसला तर ती प्रत दाबलेली आहे. स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर कुठली प्रत वाजतेय ते वर्ष बघून तपासा, आणि ‘एक्स्प्लिसिट’ची खूण आहे ना तेही. रेडिओसाठी कापलेल्या प्रतीत ‘किलिंग इन द नेम’चा शेवट उरत नाही.

यानंतर काय, तर 1996 चा ‘एव्हिल एम्पायर’ आधी नको. निर्माता ब्रेंडन ओब्रायन, आवाज जास्त कोरडा, गिटार जास्त वेडीवाकडी. पहिला अल्बम नुकताच आवडलेल्याला तो परका वाटतो. 1999 चा ‘द बॅटल ऑफ लॉस अँजेलिस’ आधी ऐका, त्यात दोन्हींच्या मधला रस्ता आहे, आणि मग ‘एव्हिल एम्पायर’कडे मागे या.